द्वारकाबाईंची नागवेल

मुकुंदवाडीच्या मागं आमची गल्ली आहे. तिथं द्वारकाबाईंसारखी पाणी जपणारी बाई शोधून सापडायची नाही. आता पाणी जपतात सगळेच. नळ आठ-आठ दिवसांनी येतो, उन्हाळ्यात त्याहून उशिरा, मग न जपून सांगता कुणाला? पण द्वारकाबाईंची तऱ्हाच वेगळी. तांदूळ धुतलेलं पाणी भाजी धुवायला, भाजीचं पाणी फरशीला आणि फरशीचं संडासात. पाव्हणा आला तर पेला अर्धाच भरून पुढं यायचा, आणि त्यातलंही घोटभर उरवलं तर बाईंच्या कपाळाला आठी पडायची. गल्लीत त्यांची चेष्टा व्हायची, तसं कौतुकही व्हायचं, आणि ते कौतुक त्यांना लई गोड लागायचं. पुढं जे झालं ते ह्या जपण्यातूनच झालं, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

त्यांच्या घराच्या मागच्या गॅलरीत एक नागवेल होती, विड्याच्या पानांची. मोठ्या कुंडीत लावलेली, काठीला सुतळीनं बांधलेली आणि वर गजांपर्यंत चढलेली. पैठणच्या पलीकडं नदीकाठी द्वारकाबाईंचं माहेर. तिथं त्यांच्या वडलांचा पानमळा होता. तो मळा मोडला त्याच साली त्यांचं लग्न झालं, आणि निघताना त्यांनी वेलीचं एक कांडं ओल्या फडक्यात गुंडाळून बरोबर घेतलं. सासरच्या परसात ते जगलं, आणि नवऱ्याच्या नोकरीमागं बिऱ्हाड शहरात आलं तेव्हा तिथलं कांडं इथं आलं. नवरा नानासाहेब होते तोवर रोज जेवणावर ह्याच वेलीचं पान खायचे.

नानासाहेब गेले आणि वेलीला खरा मान तेव्हा आला. विधवा बाईला संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला कोण बोलावतं? आमची गल्लीही त्यात मागं नाही, सांगायला लाज वाटते. पण हळदी-कुंकवाला पानं लागतात, ओटी भरायला लागतात, पूजेला लागतात, आणि ती जायची द्वारकाबाईंच्या गॅलरीतून. बायका दारात यायच्या, मावशी, पाच पानं द्या म्हणायच्या. मावशी पदर खोचून, निवडून निवडून, देठाला धक्का न लावता पानं खुडून द्यायच्या. ज्या ताटापाशी त्यांना बसायला मिळत नव्हतं, त्या ताटात त्यांची पानं असायची. गल्लीत आपली काही जागा आहे असं त्यांना वाटायचं ते ह्या पानांमुळं.

मळ्याचा नियम कडक होता. चपला बांधावर काढायच्या. बाईमाणसानं महिन्याचे चार दिवस मळ्याकडं फिरकायचंसुद्धा नाही. नागवेलीला विटाळ सोसत नाही, नुसती सावली पडली तरी पानं करपतात, असं वडील सांगायचे. द्वारकाबाईंनी मळा सोडला, गाव सोडलं, पण तो नियम काही सोडला नाही. कुंडी असली म्हणून काय झालं? आपल्या सबंध उमेदीच्या काळात त्यांनी स्वतः तो पाळला होता.

मग गोकुळचं लग्न झालं. गोकुळ त्यांचा एकुलता एक, शेंद्र्याला कंपनीत नोकरीला. मुलगी करमाडची, नाव मोनिका. शांत पोरगी, कामाला वाघीण. तिच्या वडलांनी संसाराच्या सामानात कपाट दिलं, भांडी दिली आणि पाण्याचा फिल्टरही दिला. शहरात बोअरचं जड पाणी पिता, त्यानं मुतखडे होतात म्हणाले. फिल्टर ओट्यावर बसला. पण त्याची एक खोड द्वारकाबाईंच्या जिवाला लागली. एक पेला गोड पाणी द्यायचा आणि दोन पेले नळीतून मोरीत सोडून द्यायचा. एवढं पाणी डोळ्यांदेखत वाया जातंय म्हटल्यावर बाईंना झोप कशी लागावी? त्यांनी नळीखाली बादली लावली. बादली रोज भरायला लागली, आणि रोजची ती बादली वेलीला जायला लागली. नळाचं पाणी वाचलं, वेलही रोज भिजली. त्यांनी ही युक्ती गल्लीभर सांगितली.

लग्नाला वर्ष व्हायच्या आतच पानांच्या कडा करपल्या. आधी खालची पानं गेली, मग मधली. द्वारकाबाईंनी ताक घातलं, कडुलिंबाचं पाणी शिंपडलं, मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. वेल काही ऐकेना. त्या संक्रांतीला बायका पानं मागायला आल्या आणि त्यांना पहिल्यांदा बाजाराची वाट दाखवावी लागली. बायका परत गेल्या आणि बाई बराच वेळ दारातच उभ्या राहिल्या. मोठा अपमान वाटला त्यांना. आणि अपमान झाला की माणूस कुणावर तरी तो उतरवतोच.

दोन दिवसांनी नळ आला. गल्लीतल्या सगळ्या बायका पाइप आणि हंडे घेऊन दारात होत्या. समोरची कडूबाई होती, तिच्या शेजारच्या होत्या. मोनिका बादली उचलून आत न्यायला निघाली तेवढ्यात द्वारकाबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "मोनिका, चार दिवसांत तू गॅलरीत गेलती का गं?"

पोरीला काय ठाऊक हे कशासाठी आहे. तिनं बादली खाली ठेवली, आठवून पाहिलं आणि खरं ते सांगितलं. "एकदा गेलते आत्याबाई, कपडे वाळत घालायला."

द्वारकाबाई बायकांकडं वळल्या आणि म्हणाल्या, "बघा. सून आली अन् वेल बसली." बायकांनी माना डोलावल्या. मोनिकानं बादली उचलली आणि ती आत गेली.

झालं ते एवढंच. भांडण नाही, रडारड नाही. पण त्या दिवसापासून मोनिकानं गॅलरीत पाऊल टाकलं नाही. चार दिवसांतच नाही, कधीच नाही. कपडे गोकुळ वाळत घालायचा, तो नसला की समोरच्या दारात दोरीवर पडायचे. असं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. द्वारकाबाईंना वाटलं, पोरगी समजूतदार आहे, तिचं तिला कळलं. बरंच वाटलं त्यांना, खोटं कशाला बोला!

वेल मात्र गेलीच. काठीला वाळक्या दोऱ्या तेवढ्या राहिल्या. माहेरची वेल, कचऱ्याच्या गाडीत टाकायला हात धजेना. पैठणला गेले की गोदावरीत सोडीन, असं म्हणत द्वारकाबाईंनी वरचं सगळं कापून बाजूला ठेवलं आणि कुंडी गॅलरीच्या कोपऱ्यात जुन्या कूलरमागं सरकवून दिली. मग पैठणला जाणं झालं नाही आणि कुंडीही विस्मरणात गेली. फिल्टरची बादली फरशीला जायला लागली.

गेल्या उन्हाळ्यात मोनिका पोटुशी होती. तिला उकाडा सोसेना म्हणून गोकुळनं खोलीत एसी बसवला. त्यावरूनही द्वारकाबाईंची कुरकुर झालीच. आमची बाळंतपणं काय एसीत झाली का, वगैरे. गोकुळनं ऐकून घेतलं आणि एसीची पाण्याची नळी मागं गॅलरीत काढून दिली. सातवा महिना लागला तशी मोनिका माहेरी करमाडला गेली. गोकुळला मात्र तोवर एसीची सवय झाली होती, म्हणून एसी चांगली थंडी पडेपर्यंत चालूच राहिला.

नवरात्राच्या आधी घर धुवायला काढलं. सून नाही, म्हणजे सगळं द्वारकाबाईंच्याच अंगावर. त्यांनी गॅलरीतला कूलर ओढला आणि मागं कुंडी दिसली. त्या वाकून तिच्यापाशी बसल्या.

कुंडीत अर्ध्या बाजूला माती पांढरी फटक होती, चुना उधळावा तशी. दुसऱ्या अर्ध्या बाजूला काळीभोर, ओली. काळ्या बाजूला वर एसीची नळी लटकत होती आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी पडत होतं. बरोबर त्या थेंबांखाली मातीतून एक लालसर कोंब वर आला होता, आणि त्याला चार पानं होती. हिरवी, तुकतुकीत.

द्वारकाबाईंना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती पांढरी माती त्यांनी लहानपणी पाहिली होती. गावात कालवा आला, पाणी मुबलक झालं, वडलांनी मळा पाण्यात बुडवला आणि काही वर्षांत जमिनीतलं मीठ वर आलं. चोपण जमीन म्हणतात तिला. तेव्हाही पानं अशीच कडेनं करपली होती, आधी खालची आणि मग मधली. त्यांनी कुंडीतली पांढरी माती चिमटीत घेऊन जिभेवर ठेवली. खारट. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, फिल्टरच्या बादलीत बोट बुडवून ते चाखलं. तेही खारट. बादलीच्या कडेला तसाच पांढरा थर बसलेला होता. रोज त्या बादलीला त्यांचा हात लागत होता, रोज.

फिल्टर चांगलं पाणी आपल्याला देतो आणि सगळं मीठ नळीतून बाहेर टाकतो. ते मीठ बाईंनी वर्षभर, एक दिवस न चुकता, आपल्या माहेरच्या वेलीला पाजलं होतं. आणि वेल जगली ती कधी? बाईंनी तिच्याकडं बघणं सोडलं तेव्हा. ज्या एसीवरून तोंड वाकडं केलं त्याच्या बिनमिठाच्या पाण्यावर.

आता माणसाचं मन बघा. बाईंच्या मनात पहिला विचार काय आला असेल? फिल्टर तर तिच्याच माहेरचा. म्हणजे फिरून तिच्यामुळंच झालं की! हा विचार आला आणि घटकाभर त्यांना हायसंही वाटलं. मग त्यांची त्यांनाच एवढी शरम वाटली की एकट्याच घरात असून त्यांनी पदर तोंडावर ओढला.

कारण त्यांना सोनाकाकू आठवली. वडलांच्या धाकट्या भावाची बायको. मळा करपायला लागला तेव्हा घरात शोधाशोध झाली, आणि सगळ्यांचं बोट सोनाकाकूवर गेलं. ती एकदा अडचणीच्या दिवसांत बांधावरून गेली होती म्हणे. काकूला मळा बंद झाला. पुढं शेतकीचे साहेब आले, माती हातात घेऊन म्हणाले, ही चोपण झालीय, पाणी कमी करा. सगळ्या घरानं ते ऐकलं. द्वारकाबाई तेव्हा परकर नेसायच्या, त्यांनीही आपल्या कानांनी ऐकलं. पण काकूला जाऊन कुणी सांगितलं नाही, की बाई गं, तुझं काही नव्हतं. कुणाला सुचलंच नाही. म्हातारी होऊन मरेपर्यंत सोनाकाकू दुसऱ्याच्या शेताजवळूनसुद्धा तोंड फिरवून जायची. हे सगळं डोळ्यांनी बघितलेली बाई, आणि तिनं सुनेला भर गल्लीत तेच विचारलं होतं.

बाई कामाला लागल्या. वरचा पांढरा थर खरवडून काढला, कोंबाच्या बाजूची माती तशीच ठेवून बाकीची उपसून टाकली, नवी भरली. मग नळ आला त्या दिवशी त्यांनी प्यायच्या पाण्याचे हंडेच्या हंडे कुंडीत ओतले. राहिलेलं मीठ खालून निघून जावं म्हणून पाणी वाहू दिलं. गॅलरीतून पाणी खाली गटारीत चाललेलं बघून गोकुळ धावत आला.

"आई, नळाचं पाणी?"

"गप बस," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि अजून एक हंडा ओतला.

गोकुळला वाटलं आईला बरं नाही. तिचं कपाळसुद्धा चाचपलं त्यानं. कशासाठी चाललंय ते त्यांनी त्याला सांगितलं नाही. त्याला सांगितलं असतं तर तो जाऊन बायकोला सांगणार, आणि आपली सुटका होणार. एवढी सोपी सुटका त्यांना नको होती, आणि स्वतः सांगायचं धाडसही होत नव्हतं. अशा दोन्हीकडून अडकल्या.

दिवाळीत मोनिकाला मुलगी झाली. द्वारकाबाई बारशाला करमाडला जाऊन आल्या, नातीला मांडीवर घेतलं, पण पाव्हण्यांच्या गर्दीत काही बोलणं झालं नाही. निदान त्यांनी स्वतःची समजूत तशी घातली. रोज फोन व्हायचा. बाळ झोपतं का, दूध पितं का, तुला डिंकाचे लाडू देतात का. एवढं बोलून झालं की द्वारकाबाई म्हणायच्या, बरं ठेवते. फोन ठेवला की गॅलरीत जाऊन वेलीजवळ बसायच्या. वेल वाढत होती. थंडीत नागवेल चालत नाही, हळूच वाढते, तरी काठीला लागली होती. एक एक पान उलगडायचं, पण बाईंना ते बघून आनंद होत नव्हता. वेल बरी झाली म्हणजे आपण खोट्या ठरलो, ह्याला आता पुरावाच आला.

मोनिकाला आणायचा विषय निघाला की गोकुळ म्हणायचा, अजून थोडे दिवस राहू दे. एकदा त्यांनी खोदून विचारलं तेव्हा तो आईच्या तोंडाकडं न बघता म्हणाला, "आई, तिला तिथं मोकळं वाटतं." एवढं बोलून तो गाडी काढून ड्यूटीला गेला. द्वारकाबाईंना त्या दिवशी भाकरी गेली नाही. सून माहेरी बाळंतीण होते हे रीतीचं आहे. पण आपल्या घरी परत यायला तिचं पाऊल उचलत नाही आणि त्याचं कारण आपण आहोत, हे त्यांना आता लख्ख दिसलं. असंच चाललं तर नात दाराबाहेर वाढायची.

संक्रांत जवळ आली. द्वारकाबाईंनी वेलीची पाच पानं खुडली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि जालना रोडला येऊन करमाडची काळी-पिवळी जीप पकडली.

मोनिकाची आई अंगणात वालाच्या शेंगा तोडत होती. घराच्या कुडावर वाल असा पसरलेला की कूड दिसेना. विहीणबाई आल्या म्हणून तिनं घाईनं पाणी आणलं, चहा टाकला, आणि बोलता बोलता सहज तक्रार केली. म्हणाली, हा वाल मोनिकानंच लग्नाआधी लावलेला, दरसाल बिया धरून तिच्या हातानं लावायची. पण आता काय झालंय पोरीला कुणास ठाऊक, शेंगा तोड म्हटलं तरी वेलाला हात लावत नाही. तुम्हीच तोडा म्हणते. घरात बसून निवडून मात्र देते.

द्वारकाबाईंनी कपबशी खाली ठेवली. त्या उठून आत गेल्या.

मोनिका आतल्या खोलीत बाळाला पाळण्यात घालत होती. सासू दिसताच तिनं डोक्यावर पदर घेतला आणि वाकून पाया पडली. द्वारकाबाईंनी दार लोटलं, फडकं उघडून पानं तिच्यापुढं ठेवली, आणि मग सगळं सांगितलं. बादली, फिल्टर, पांढरी माती, एसीचं पाणी. सोनाकाकूचंही सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "वेल मी मारली, मोनिका. तुझा काहीच दोष नव्हता. मला चोपण माती कळत होती, तरी मी तुला बोलले."

मोनिका पानांकडं बघत राहिली. हात लावला नाही. मग हळू आवाजात म्हणाली, की पहिले काही महिने तिला वाटायचं, आत्याबाई म्हणतात त्यात काही तथ्य नाही, आपण शिकलेलो आहोत. पण वेल वाळतच गेली. मग वाटायला लागलं, असेलही. आणि पोटात बाळ राहिलं तेव्हा तर रोज भीती वाटायची, आपल्या हाताला काही आहे की काय.

हे ऐकून द्वारकाबाई रडल्या. त्यांनी सुनेचे हात धरले, मला माफ कर म्हणाल्या. मोनिकानं हात सोडवून घेतले नाहीत, पण तिचा चेहराही सैल झाला नाही.

"मला एकटीला सांगून काय करता, आत्याबाई?" ती म्हणाली. "विचारलं तेव्हा चारचौघींत विचारलं होतं."

बाळ जागं झालं, मोनिका त्याला घेऊन बसली. संध्याकाळी द्वारकाबाई तशाच परत आल्या. परत कधी येतेस हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी नळ आला. पुन्हा तेच, पाइप, हंडे, बायका. द्वारकाबाई दारात आल्या तेव्हा त्यांच्या हातात हंडा नव्हता. वेलीचं एक कांडं छोट्या डब्यात लावून त्यांनी ते हातात धरलेलं होतं. समोरून कडूबाईनं विचारलं, काय मावशी, यंदा पानं देणार का, गॅलरीत हिरवं दिसतंय.

"देते," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण आधी एक ऐका सगळ्याजणी." आणि त्यांनी सांगितलं. फिल्टरच्या पाण्यानं वेल गेली, ते पाणी रोज मी घातलं, माझ्या सुनेचा काही संबंध नव्हता, मी तिला तुमच्यासमोर बोलले म्हणून तुमच्यासमोरच सांगते. चार दिवसांचं न् वेलीचं काही नसतं. माझ्या बापाचंही चुकलं होतं, माझंही चुकलं.

बायकांनी ऐकून घेतलं. एकीनं नुसतं, बरं बरं, होतं असं म्हटलं. त्यातल्या दोघींना तर ती गोष्ट आठवतसुद्धा नव्हती. पण कडूबाईला आठवत होती. ती पाइप धरून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, तुमचं ऐकून तर मी माझ्या सुनेला तुळशीला हात लावू देत नाय. चार दिवस अंगणातच येऊ देत नाय. गेल्या साली तिचं लग्न झाल्यापासून."

द्वारकाबाईंना हे ठाऊक नव्हतं. आपण बोललेलं वाक्य रस्ता ओलांडून दुसऱ्या घरात जाऊन राहिलंय, तिथं एका पोरीला छळतंय, आणि इतके दिवस आपल्याला पत्ताही नाही. कडूबाईच्या मागं, उंबऱ्याच्या आत, तिची सून योगिता भरलेली कळशी कमरेवर घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलेलं तिच्या तोंडावरून दिसत होतं. पाणी भरायला, भांडी घासायला, कपडे धुवायला चार दिवस आड येत नाहीत बघा. तुळस आली की येतात.

द्वारकाबाई रस्ता ओलांडून गेल्या आणि डबा तिच्यापुढं धरला. तुझ्या हातानं लाव म्हणाल्या.

योगितानं सासूकडं पाहिलं. "आज नको मावशी. माझी अडचण हाय."

"मग आजच धर," द्वारकाबाई म्हणाल्या.

योगितानं कळशी खाली ठेवली. कडूबाईच्या हंड्यातून पाणी वाहून रस्त्यावर चाललं होतं, एरवी तिनं गल्ली डोक्यावर घेतली असती. योगितानं ओले हात पदराला पुसले आणि डबा दोन्ही हातांत घेतला.

द्वारकाबाई घरी आल्या, पानं खुडली, घरोघर पाच पाच वाटली. त्यांना हलकं वाटायला हवं होतं, तसं काही वाटलं नाही. सोनाकाकूला सांगायला आता कुठं जाणार? आणि योगितासारख्या अजून किती घरांत आपलं ते वाक्य जाऊन बसलं असेल, ह्याचा हिशेब कोण लावणार? त्या गॅलरीत भिंतीला टेकून बसून राहिल्या.

संध्याकाळी फोन वाजला. मोनिका होती. योगितानं तिला कळवलं होतं, पण ती त्यातलं काही बोलली नाही. बाळ कसं आहे ते सांगितलं, आज दोनदा हसलं म्हणाली. मग म्हणाली,

"आत्याबाई, रविवारी ह्यांना गाडी घेऊन पाठवा."

द्वारकाबाईंनी हो म्हटलं.

"आणि बाळाची दुपटी लई होतात," मोनिका म्हणाली. "एक दोरी बांधून ठेवा. गॅलरीत. मी रोज वाळत घालीन."

फोन ठेवून द्वारकाबाईंनी कपाटावरची नायलॉनची दोरी काढली. एक टोक गजाला बांधलं, दुसरं वेलीच्या काठीपलीकडच्या खिळ्याला. मोनिका उंचीनं त्यांच्यापेक्षा कमी आहे, हे ध्यानात आल्यावर त्यांनी दोन्ही गाठी सोडल्या आणि दोरी खाली घेऊन परत बांधली.